पेशीतली टकळी

मंडळी, सूत्री विभाजनाची आकृती आठवतेय? शाळेत ती काढली नसेल असा माणूस विरळाच. एक गोल पेशी, मधोमध रांगेत उभी केलेली चार-सहा गुणसूत्रं, दोन टोकांना दोन ठिपके आणि त्या ठिपक्यांपासून गुणसूत्रांपर्यंत ओढलेल्या बाकदार रेघा. रेघांना बाण काढून 'तुर्कतंतू' लिहिलं की मार्क पक्के. पण त्या रेघा येतात कुठून, हे ना कधी पुस्तकानं सांगितलं ना परीक्षेनं विचारलं. पूर्वावस्थेच्या चित्रात त्या जेमतेम असायच्या आणि शेजारच्या मध्यावस्थेच्या चित्रात एकदम तयार! म्हणजे दोन चित्रांमधल्या अर्ध्या इंचात कुणीतरी येऊन अख्खा मांडव घालून गेलं होतं.

हा मांडव घालतं कोण, हा आजचा विषय. उत्तर सापडायला शंभराहून जास्त वर्षं लागली, आणि त्यातली निम्मी वर्षं मांडव खरोखर आहे की नजरेचा भास आहे यावर भांडण्यात गेली. मला विचाराल तर ही भांडणाची निम्मी वर्षंच जास्त इंटरेस्टिंग आहेत, त्यामुळे तिथं जरा रेंगाळणार आहे. घाई असलेल्यांनी सरळ १९८४ला उडी मारावी.

आधी शब्दाचं बघू. इंग्रजीत ह्या रचनेला स्पिंडल म्हणतात. संस्कृतात तर्कू म्हणजे सूत कातायची टकळी किंवा चाती. तुर्कतंतूतला तुर्क हा तुर्कस्तानातला नसून ह्या तर्कूचाच भाऊबंद असावा. दोन्ही टोकांना निमुळती, मधे फुगीर, सूत भरलेल्या चातीसारखी दिसते म्हणून हे नाव. मराठीत टकळीला दुसराही अर्थ आहे, अखंड बडबड. तोही इथं चपखल बसतो, ते पुढं येईलच.

*

१८७०च्या दशकाच्या शेवटी जर्मनीतल्या कील शहरात वाल्थर फ्लेमिंग नावाचा एक प्राध्यापक सॅलॅमँडरच्या पिल्लांची शेपटी आणि कल्ले सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायचा. सॅलॅमँडर म्हणजे दिसायला पालीसारखा, पण जातकुळी बेडकाची. त्याच्या पेशी मोठ्या, गुणसूत्रं जाडजूड आणि पिल्लांची शेपटी पातळ, पारदर्शक. शिवाय कापडगिरण्यांसाठी निघालेले ॲनिलीनचे नवे रंग बाजारात आले होते. ते पेशींना लावले की केंद्रकातला काही भाग गडद रंगायचा आणि बाकीचा नाही. फ्लेमिंगनं चित्रामागून चित्र काढलं आणि ती चित्रं योग्य क्रमानं लावली. सोपं वाटतं, पण स्थिर चित्रांवरून सिनेमाचा क्रम ठरवण्यासारखं होतं ते. १८८२ साली त्याचं पुस्तक आलं आणि त्यात मायटोसिस हा शब्द. ग्रीकमध्ये मितोस म्हणजे धागा. आपलं 'सूत्री' हे त्याचंच सरळ भाषांतर. गंमत म्हणजे नावातलं हे सूत गुणसूत्रांचं, चातीचं नव्हे. चातीचे तंतू त्याच्याही चित्रांत आहेत, पण फिकट.

चातीकडे नीट लक्ष वेधलं थिओडोर बोव्हेरीनं. चातीची टोकं जिथं बांधलेली असतात त्या ठिपक्याला सेंट्रोसोम हे नाव त्यानंच १८८८मध्ये दिलं. पण त्याचा खरा पराक्रम वेगळाच. समुद्री अर्चिनच्या एका अंड्यात एकाच वेळी दोन शुक्रजंतू शिरले तर काय होतं, हे त्यानं पाहिलं. प्रत्येक शुक्रजंतू स्वतःबरोबर सेंट्रोसोम घेऊन येतो, त्याचे पुढं दोन होतात. म्हणजे दोन टोकांच्या जागी चार टोकं! चारही टोकं आपापल्या बाजूला ओढणार. गुणसूत्रांची वाटणी मग अगदी बेहिशोबी होते, एका पेशीच्या वाट्याला एक गुणसूत्र दोनदा तर दुसरीला ते मिळालंच नाही. असे गर्भ जवळजवळ सगळे बिघडायचे आणि मरायचे. बोव्हेरीनं १९०२मध्ये त्यावरून निष्कर्ष काढला की गुणसूत्रं एकमेकांची डुप्लिकेट नाहीत, प्रत्येकाचं काम वेगळं आहे आणि निरोगी राहायला पूर्ण संच लागतो. १९१४ साली तो आणखी पुढं गेला. कर्करोगाच्या गाठीसुद्धा अशाच चुकलेल्या वाटणीतून सुरू होत असाव्यात, असं त्यानं एका छोट्या पुस्तकात लिहिलं. पुढच्याच वर्षी तो गेला. त्याची बायको मार्सेला, स्वतः अमेरिकन जीवशास्त्रज्ञ, तिनं १९२९मध्ये त्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलं. ह्या चार टोकांच्या अंड्याला लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा भेटणार आहे.

आता भांडण. फ्लेमिंग, बोव्हेरी आणि त्यांचे समकालीन ज्या पेशींत तंतू बघत होते त्या बहुतेक मेलेल्या होत्या. पेशी आम्लात किंवा तसल्याच कुठल्यातरी द्रावणात टाकून गोठवायची, मग रंगवायची आणि मग बघायची. जिवंत पेशीत बघावं तर चातीच्या जागी नुसता एक स्वच्छ, रिकामा पट्टा. तंतूबिंतू काही नाही. १८९९मध्ये केंब्रिजच्या विल्यम हार्डीनं ह्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. त्यानं अंड्याचा पांढरा बलक आणि जिलेटीन घेतलं, म्हणजे ज्यात काहीही रचना नाही असे पदार्थ, आणि त्यांच्यावर तीच गोठवणारी द्रावणं वापरली. त्यातही जाळ्या आणि धागे तयार झाले!

आपल्या धंद्यातल्या लोकांना ही कटकट लगेच कळेल. प्रोग्रॅम मेल्यावर त्याचा कोअर डंप उघडून बसायचं आणि त्यावरून तो जिवंतपणी काय करत होता हे सांगायचं. त्यात डंप घेणारं टूलच डेटा बिघडवत असेल तर? पन्नासेक वर्षं हा वाद चालला. एक गट म्हणे गुणसूत्रं हलतात ती तंतूंनी ओढल्यामुळं, दुसरा म्हणे तंतू नाहीतच, आतले प्रवाह किंवा विद्युतभार किंवा अजून काहीतरी असेल. दोन्ही बाजूंना हुशार माणसं होती आणि दोन्हींकडे पुरावा तोच, मेलेल्या पेशींचा.

*

इथून गोष्ट जपानला जाते, कारण वाद मिटवणारी नजर तिथं घडली.

टोकियोजवळ मिसाकी इथं समुद्रकिनारी एक सागरी जीवशास्त्र केंद्र आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी नौदलानं ते ताब्यात घेऊन छोट्या पाणबुड्यांचा तळ केला होता. १९४५मध्ये शरणागती झाली, अमेरिकन फौजा येऊ लागल्या. युद्धाशी संबंधित जे दिसेल ते फोडून टाकायचं, असं चाललेलं. केंद्रातले जीवशास्त्रज्ञ कात्सुमा दान यांचं शिक्षण अमेरिकेत झालेलं, बायको जीन अमेरिकन. त्यांनी ब्रश आणि शाईनं इंग्रजीत एक चिठ्ठी लिहून दारावर लावली. मजकूर साधारण असा: ही साठेक वर्षं जुनी प्रयोगशाळा आहे, तुम्ही अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचे असाल तर वुड्स होल ठाऊक असेल, पश्चिमेचे असाल तर तिकडची केंद्रं, ही त्यांच्यासारखीच जागा. शस्त्रं हवी तर नष्ट करा, पण आमची उपकरणं जपा. आणि काम झालं की कळवा, म्हणजे आम्ही परत येऊ. खाली नावाऐवजी सही होती ती 'सर्वांत शेवटी जाणारा' अशा अर्थाची. केंद्र वाचलं, परतही मिळालं. ती चिठ्ठी पुढं खरोखरच वुड्स होलला पोचली आणि तिथं जपून ठेवली गेली.

ह्या दानसरांचा विद्यार्थी शिन्या इनोउए. युद्धानंतरच्या जपानात उपकरणं कुठली मिळायला? त्यानं टाकून दिलेल्या मशीनगनचं बूड आणलं, ते जड आणि हलत नाही म्हणून. दिवा बसवला चहाच्या डब्यात. आणि त्यावर ध्रुवीभूत प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक उभा केला. तत्त्व असं: लांबट रेणू एकाच दिशेनं समांतर लागलेले असतील, तर त्यांच्यातून जाणाऱ्या ध्रुवीभूत प्रकाशात किंचित बदल होतो आणि काळ्या पार्श्वभूमीवर तो भाग उजळतो. रंग नको, आम्ल नको, पेशी जिवंत. १९३०च्या दशकात जर्मनीत श्मिट यांनी ह्याच पद्धतीनं जिवंत चातीची मंद चमक पाहिली होती, पण वेगवेगळे तंतू दिसतील इतकी स्पष्ट नाही. इनोउए १९४८मध्ये प्रिन्स्टनला गेला, तिथं यंत्र आणखी सुधारलं, आणि १९५३ साली प्रबंध छापला. एका समुद्री कृमीची अंडी आणि लिलीच्या परागपेशी. दोन्हींत, जिवंत, विभाजन चालू असताना, तंतू लख्ख दिसत होते.

इथं 'तंतू आहेत' हे सिद्ध झालं, वाद मिटला. पण इनोउएनं जे दुसरं पाहिलं ते माझ्या मते पहिल्यापेक्षा मोठं आहे. पेशी थंड केली की चाती विरघळून जायची. पूर्ण गायब. पुन्हा ऊब दिली की काही मिनिटांत चाती परत हजर, आणि गुणसूत्रांचं काम जिथं थांबलं होतं तिथून पुढं सुरू! दोर असा वागत नाही, स्नायूही असा वागत नाही. इनोउएनं अंदाज बांधला की पेशीत विटांचा साठा सतत असतो, तंतू म्हणजे त्या विटांची तात्पुरती रचना, आणि रचणं-मोडणं दोन्ही कायम चालू असतं. म्हणजे हा मांडव बांधून झाला असं कधी होतच नाही. बांधणारे आणि सोडणारे दोन्ही हात एकदम चालू आहेत म्हणून तो फक्त उभा दिसतो.

*

विटा कसल्या, हे सांगितलं एका विषानं. पावसाळ्यात सह्याद्रीत भटकणाऱ्यांनी कळलावी पाहिली असेल, ज्वाळेसारख्या लाल-पिवळ्या पाकळ्यांची. फोटो जरूर काढा, पण कंदाच्या वाटेला जाऊ नका, त्यात कोल्चिसीन असतं. युरोपात हेच विष कोल्चिकम नावाच्या फुलझाडात मिळतं आणि गाउट ह्या सांध्यांच्या दुखण्यावर ते फार जुनं औषध आहे, आजही देतात. कोल्चिसीन दिलं की पेशींचं विभाजन अर्ध्यावर अडकतं. इनोउएनं दाखवलं की ते चाती विरघळवतं.

मग १९६७मध्ये शिकागोत गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर यांनी सरळ युक्ती केली. किरणोत्सारी कोल्चिसीन बनवलं आणि ते पेशीत कशाला चिकटतं ते शोधलं. एका प्रथिनाला चिकटत होतं. पुढच्या वर्षी त्याला ट्युब्युलिन हे नाव मिळालं, कारण त्याच्या जोड्या एकमेकांना लागून पोकळ नळ्या बनतात. सूक्ष्मनलिका. व्यास सुमारे २५ नॅनोमीटर. पण चक्रावणारी गोष्ट वेगळीच होती. सगळ्यात जास्त कोल्चिसीन चिकटलेल्या ऊतींमध्ये मेंदू होता, जिथल्या चेतापेशी विभाजित होतच नाहीत. म्हणजे विटा त्याच, पण मज्जातंतूंमध्ये त्यांचे लांबच लांब, टिकाऊ रूळ असतात, ज्यांवरून माल वाहिला जातो. ह्याची किंमत कुणाला मोजावी लागते ते पुढं.

१९८४ हे साल जवळजवळ सगळ्या पाठ्यपुस्तकांत असतं. टिम मिचिसन विद्यार्थी, मार्क कर्शनर त्याचे गाइड, जागा सॅन फ्रान्सिस्को. त्यांना दिसलं की एकाच बाटलीत, एकाच वेळी काही नळ्या वाढताहेत आणि काही धाडधाड कोसळताहेत. सरासरी शांत, पण प्रत्येक नळी वेडी. कारण असं की प्रत्येक वीट जीटीपी नावाचा ऊर्जेचा रेणू घेऊन येते आणि बसल्यावर थोड्या वेळानं तो खर्च होतो. टोकावर जीटीपीवाल्या ताज्या विटांची टोपी आहे तोवर नळी वाढते, टोपी गेली की नळीच्या पाकळ्या बाहेर वळून ती उसवत जाते. विभाजनाच्या वेळी चातीतल्या बहुतेक नळ्यांचं आयुष्य मिनिटभरही नसतं.

आपण लिहिलेल्या कोडमध्ये एखाद्यानं असे सेकंदाला मरणारे प्रोसेस सुरू केले तर रिव्ह्यूमध्ये त्याचं काय होईल ते सांगायला नको. पण पेशीला ही उधळपट्टी परवडते, कारण तिच्याकडे नकाशा नाही. गुणसूत्र कुठं पडलंय हे टोकाला ठाऊक नसतं. मग सगळ्या दिशांना नळ्या फेकायच्या. जिला गुणसूत्रावरचा आकडा, म्हणजे कायनेटोकोर, सापडला ती टिकली, बाकीच्या कोसळून त्यांच्या विटा पुन्हा वापरात. १९८६मध्ये कर्शनर आणि मिचिसन यांनी ही कल्पना मांडली. शुद्ध आंधळी कोशिंबीर!

आणि आंधळी कोशिंबिरीत जे होतं तेच इथंही होतं, वेळ फार जातो. कॅलिफोर्नियातल्या एका गटानं २००५मध्ये कॉम्प्युटरवर हिशेब केला. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं, प्रत्येकाला दोन बाजूंनी पकडायचं. निव्वळ आंधळेपणानं शोधलं तर खऱ्या पेशीला लागणाऱ्या वीसेक मिनिटांपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. ब्रूट फोर्स स्केल होत नाही, हे कळायला त्यांना सिम्युलेशन लागलं, आपल्याला डेडलाइन शिकवते. तर मग नळ्यांना इशारा कोण देतं? खेळात बाकीचे गडी टाळ्या वाजवतात, 'इकडे इकडे' ओरडतात. इथं कोण ओरडतं?

उत्तर तोपर्यंत आलेलं होतं. गुणसूत्र स्वतःच!

१९९६मध्ये हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेत रेबेका हिल्ड, एरिक कार्सेंटी आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग हा ह्या सगळ्या इतिहासातला माझा सर्वांत लाडका. त्यांनी बारीक चुंबकीय मणी घेतले, त्यांच्यावर जिवाणूंमध्ये बनवलेला कुठलातरी साधा डीएनए चिकटवला आणि मणी बेडकाच्या अंड्यांच्या रसात सोडले. सेंट्रोसोम नाही, म्हणजे टोकं नाहीत. कायनेटोकोर नाहीत, म्हणजे आकडे नाहीत. गुणसूत्रसुद्धा खरं नाही. तरीही मण्यांभोवती नळ्या उगवल्या आणि बघता बघता त्यांची दोन टोकांची रीतसर चाती तयार झाली. बोव्हेरीपासून ज्याला ठेकेदार समजत होते तो सेंट्रोसोम गैरहजर, आणि मांडव उभा. (सेंट्रोसोम बिनकामाचा आहे असा ह्याचा अर्थ नाही. असला की काम झटपट होतं. पण वनस्पती आणि आपल्या आयांच्या बीजपेशी त्याच्यावाचूनच चाती बांधत आल्यात, तेव्हा अंदाज यायला हवा होता.)

मण्यावरच्या डीएनएनं असं काय सांगितलं? १९९९मध्ये जवळपास एकाच वेळी बऱ्याच प्रयोगशाळा एकाच नावावर पोचल्या, रॅन. हे छोटं प्रथिन तोवर केंद्रकाच्या दारावरचा हमाल म्हणून माहीत होतं, माल आत-बाहेर करणारं. त्याला चालू करणारं प्रथिन डीएनएला चिकटून बसलेलं असतं आणि बंद करणारं प्रथिन पेशीत इतरत्र. त्यामुळं विभाजनाच्या वेळी केंद्रकाची भिंत गेल्यावरही गुणसूत्राजवळ चालू रॅनचा ढग असतो आणि लांब जावं तसा तो विरळ होत जातो. २००२मध्ये हा ढग प्रत्यक्ष दिसलासुद्धा. आता ढगात काय होतं? चाती बांधायला लागणारी काही प्रथिनं, त्यातलं नावाजलेलं टीपीएक्स-२, पेशीत आधीपासूनच असतात, पण इम्पॉर्टिन नावाच्या प्रथिनानं त्यांना मिठी मारून ठेवलेली असते. चालू रॅन ती मिठी सोडवतो. २००१मध्ये हे उलगडलं. म्हणजे टीपीएक्स-२ मोकळं फक्त गुणसूत्राच्या आसपास, आणि म्हणून नव्या नळ्या नेमक्या तिथंच उगवतात. शिवाय ते ऑरोरा-ए नावाच्या दुसऱ्या नियंत्रकाला जागं करतं. कुणी हुकूम सोडत नाही, हे मला फार आवडतं. कामगार सगळीकडे आहेत, फक्त त्यांचे हात कुठं मोकळे आहेत एवढ्यानं काम कुठं होणार ते ठरतं.

बाकी आकार देण्याचं काम चालत्या प्रथिनांचं. किनेसिन-५ची दोन्ही टोकं वेगवेगळ्या नळ्यांवर चालतात आणि त्यांना विरुद्ध दिशांना ढकलतात, म्हणून टोकं दूर जातात. डायनीन नळ्यांची टोकं गोळा करून मोळी बांधतं. १९९९मध्ये मिचिसनच्याच गटानं किनेसिन-५ बंद पाडणारा मोनॅस्ट्रॉल हा रेणू शोधला. तो दिला की दोन टोकं एकमेकांजवळच राहतात आणि चातीच्या जागी एकाच टोकाभोवती नळ्यांचा फुलोरा, जणू झेंडूचं फूल.

*

मांडव उभा राहिला, पण विधी सुरू कधी करायचा? एक गुणसूत्र जरी जोडायचं राहिलं आणि वाटणी सुरू झाली तर बोव्हेरीच्या अंड्याची गत. १९९१मध्ये दोन गटांनी यीस्टमध्ये स्वतंत्रपणे ती जनुकं शोधली जी चाती बिघडल्यावर विभाजन थोपवून धरतात. मॅड आणि बब अशी नावं पडली. पण प्रश्न होता की हिशेब कोण ठेवतं? ४६ जोडली गेली, हे मोजतं कोण?

कुणीच नाही. १९९५मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीत कॉन्ली रीडर यांच्या गटानं एक शेवटचा न जोडलेला कायनेटोकोर लेझरनं जाळून टाकला. तो जोडला गेला नव्हता, नुसता नष्ट झाला, आणि तरीही काही मिनिटांत विभाजन पुढं सरकलं. म्हणजे जोडलेले 'झालं' म्हणून कळवत नव्हते, न जोडलेला 'थांबा' म्हणून ओरडत होता. पंगतीसारखं. वाढप्याला कुणी मोजून आकडा सांगत नाही, पण एकाच्या पानात भात आला नाही की तो ओरडतो आणि सगळी पंगत हात आखडून बसते. ओरडणारा उठून गेला की पंगत सुरू! मघाशी म्हटलेली टकळी ती हीच. प्रत्येक रिकामा कायनेटोकोर मॅड-२ प्रथिनाचा आकार बदलून पेशीभर पाठवत राहतो, आणि त्या संदेशामुळं गुणसूत्रांची जोडी सोडवणारी यंत्रणा बंद राहते. आपण रिलीजच्या आधी सगळ्या टीम्सकडून 'ओके' गोळा करतो आणि कुणाची मेल हरवली की अडकतो किंवा घसरतो. पेशीनं उलटं डिझाइन निवडलंय.

*

आता हे सगळं वीकेंडला वाचत बसायचं कारण. माझ्या मावशीला स्तनाच्या कर्करोगासाठी पॅक्लिटॅक्सेल दिलं गेलं, टॅक्सॉल म्हणून ते जास्त माहीत आहे. औषध लागू पडलं. पण बोटं बधिर झाली. आयुष्यभर ब्लाउज शिवलेल्या बाईला सुईत दोरा ओवता येईना, शर्टाचं बटण बोटांना कळेना. असं का होतं हे तिनं मला विचारलं, 'तू कॉम्प्युटरवाला, बघ की' म्हणून. उत्तर १९६७मध्येच होतं, मेंदूत चिकटलेल्या त्या कोल्चिसीनमध्ये. चातीच्या विटा आणि मज्जातंतूंच्या रुळांच्या विटा एकाच भट्टीतल्या. औषध दोन्हींना चिकटतं.

टॅक्सॉलच्या कथेत आपल्याकडचाही एक माणूस आहे. मनसुख वाणी, जन्म १९२५, नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठात शिकून ते अमेरिकेला गेले आणि नॉर्थ कॅरोलायनात मन्रो वॉल यांच्याबरोबर पॅसिफिक यू ह्या झाडाच्या सालीतून त्यांनी टॅक्सॉल वेगळं केलं, १९७१मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९मध्ये दाखवलं की हे विष कोल्चिसीनच्या उलट वागतं. नळ्या मोडत नाही, मोडूच देत नाही. आपल्या अंगणातल्या सदाफुलीतलं व्हिन्क्रिस्टीन, जे लहान मुलांच्या ल्युकेमियात वापरतात, ते पहिल्या जातीचं, मोडणारं. १९९२मध्ये टॅक्सॉलला अमेरिकेत अंडाशयाच्या कर्करोगासाठी परवानगी मिळाली. वाणी २०२०मध्ये गेले, ९५ वर्षांचे होऊन.

मग विचार असा पुढं गेला की विटांना हात लावायचाच कशाला? किनेसिन-५, ऑरोरा ही प्रथिनं मुख्यतः विभाजनाच्या वेळीच लागतात, तेव्हा तीच बंद करा, मज्जातंतू वाचतील. तर्क बिनतोड. २०००च्या दशकात अशी औषधं चाचण्यांत उतरली. बोटं खरंच बऱ्यापैकी वाचली, पण गाठींवर टॅक्सॉलइतका परिणाम दिसेना. मिचिसन यांनी २०१२मध्ये ह्या कोड्यावर लेख लिहिला. माणसाच्या गाठीतल्या पेशी बशीत वाढवलेल्या पेशींपेक्षा सावकाश विभागतात, कुठल्याही क्षणी विभाजनात असलेल्या पेशी मोजक्याच. मग टॅक्सॉल 'विभाजन अडकवून' मारतं म्हणायचं तर ते इतक्या गाठी कशा विरघळवतं?

२०१४मध्ये विस्कॉन्सिनच्या बेथ वीव्हर यांच्या गटानं स्तनाचा कर्करोग असलेल्या रुग्णांच्या गाठींतच जाऊन मोजलं की तिथं औषध प्रत्यक्ष पोचतं किती. प्रयोगशाळेत विभाजन अडकवायला वापरतात त्यापेक्षा ते बरंच कमी निघालं. तेवढ्या मात्रेत पेशी अडकत नव्हत्या. त्या विभाजन पूर्ण करत होत्या, पण तीन किंवा चार टोकांच्या चातीवर, आणि वाटणी बेहिशोबी होऊन पुढं मरत होत्या. बोव्हेरीचं अंडं, त्याच्या कर्करोगाच्या पुस्तकानंतर बरोबर शंभर वर्षांनी, गाठीत सापडलं. ज्या बिघाडातून गाठ सुरू होते असं तो म्हणाला होता, तोच बिघाड आणखी वाढवला की गाठ मरते.

त्याच गटानं २०२१मध्ये दाखवलं की ज्या गाठींत गुणसूत्रांची वाटणी आधीपासूनच डळमळीत असते, त्यांना टॅक्सॉल जास्त लागू पडतं.  म्हणजे कुणाच्या गाठीला हे औषध द्यावं आणि कुणाची बोटं विनाकारण बधिर करू नयेत, हे आधीच सांगणारी एखादी तपासणी करता येईल का, ह्या प्रश्नावर आता काम चाललंय. मावशीला मी हे सगळं फोनवर सांगितलं, पंगतीसकट. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, 'मग माझ्या गाठीत टोकं किती होती?'